मेडिकलमधून आणलेला एनिमा: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

नवरात्र संपायला एक दिवस होता तेव्हा शेजारच्या वहिनी हातात मेडिकलची खाकी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ताई, हे पाण्यात घालून द्यायचं की तसंच प्यायचं?" पिशवीतून निघाली एनिमाची बाटली. त्यांच्या सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास. म्हणजे साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट आणि वर चार-पाच कप चहा. चार दिवस संडासला झालं नव्हतं. वहिनींनी दुकानात "पोट साफ व्हायला काहीतरी जोरदार द्या" एवढंच सांगितलं. काउंटरवरच्या पोराने बाटली दिली. ती कुठून द्यायची हे त्याने सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती ना!

मी वॉर्डात सिस्टर म्हणून तीस वर्षं काढली. एनिमा देणं आमच्या लेखी चादर बदलण्याइतकं रोजचं काम होतं. घरी मात्र हा विषय निघाला की माणसं भिंतीकडे बघून बोलतात, त्यामुळे अर्धं विचारायचं राहून जातं. म्हणून वहिनींना जे तासभर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे ही बाटली पिण्याची नाही. ती गुदद्वारातून द्यायची असते. पिण्याच्या औषधांच्या शेजारी तर ती ठेवूच नका.

बाटलीत काय असतं

मेडिकलमध्ये प्रिस्क्रिप्शन न विचारता जी तयार, एकदा वापरून फेकायची एनिमाची बाटली देतात, ती बहुतेक वेळा सोडियम फॉस्फेटची असते. मऊ प्लास्टिकची, दाबली की पिचकारीसारखी चालणारी, पुढे लांबट नोझल. आपल्याकडे साधारण १०० मिलीच्या आसपासची मिळते. खोक्यावर बारीक अक्षरांत 'सोडियम फॉस्फेट' किंवा 'सोडियम अ‍ॅसिड फॉस्फेट' असं छापलेलं दिसेल.

तिचं काम कसं चालतं ते समजायला कोशिंबीर आठवा. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की पाच मिनिटांत वाटीत पाणी साठतं. हा द्राव तसाच खूप खारट असतो. गुदाशयात गेला की आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेतो. कडक झालेला मळ भिजतो, गुदाशय फुगतो आणि जोरात कळ येते. या सगळ्याला एक ते पाच मिनिटं लागतात. म्हणूनच पुढच्या सूचनांमध्ये मी संडासच्या अंतराबद्दल इतकी कटकट करणार आहे.

याहून सौम्य प्रकार म्हणजे ग्लिसरीनची सपोझिटरी, मेणबत्तीच्या तुकड्यासारखी दिसणारी कांडी. ती आत सरकवून ठेवायची, पाऊण-एक तासाच्या आत काम होतं. मोठ्यांची आणि लहान मुलांची अशा वेगवेगळ्या आकारांत मिळते. किरकोळ बद्धकोष्ठाला पुष्कळदा एवढीच पुरते, आणि मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

निसर्गोपचारवाल्यांचं नळी लावलेलं एनिमाचं भांडं आणि आयुर्वेदातला बस्ती हे दोन्ही वेगळे विषय आहेत. गांधीजींना एनिमाचं मोठं कौतुक होतं. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि त्या काळात आपल्याकडच्या अनेक घरांत ते भांडं खुंटीला टांगलेलं असायचं. बस्तीत काढा वा औषधी तेल वापरतात आणि तो वैद्याने प्रकृती बघून द्यायचा असतो. भांड्याची रीत बाटलीला लावू नका, आणि बाटलीतला द्राव भांड्यात ओतून पाणी मिसळून देऊ नका.

एक गैरसमजही इथेच काढून टाकते. बाटलीतला द्राव पोचतो तो गुदाशय आणि त्याच्या वरच्या थोड्या भागापर्यंत. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. तेव्हा 'सगळं आतडं धुऊन निघतं', 'शरीरातलं विष जातं', 'वजन उतरतं' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. दाराशी अडकलेला खडा बाहेर काढणं एवढंच या बाटलीचं काम.

खरंच लागतो का?

रोज सकाळी झालंच पाहिजे हा आपल्या घरांतला जुना हट्ट. आजोबांपासून चालत आलेला. वैद्यकशास्त्र एवढं कडक नाही. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, किंवा होताना फार कुंथावं लागत असेल, खडे पडत असतील, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणतात. एक दिवस नाही झालं म्हणून एनिमा घेणं म्हणजे चिलटाला काठी.

आधी साधे उपाय करा. पाणी वाढवा. पपई, पेरू, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका, उसळी खा. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासात संडासला बसा, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलायला लागतं. कमोडवर बसत असाल तर पायांखाली पाट घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. जुन्या भारतीय संडासात हे फुकट मिळायचं.

औषधांत इसबगोलाला एक ते तीन दिवस लागतात आणि ते भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं. कोरडं इसबगोल घशात किंवा आतड्यात फुगून बसतं आणि आधीच खडा झालेल्या माणसाचा त्रास वाढवतं. लॅक्ट्युलोजच्या पातळ औषधाला एक-दोन दिवस, रात्री घेतलेल्या बिसाकोडिलच्या गोळीला सहा ते बारा तास. हे सगळं वरून काम करतं. पण काही वेळा खालचाच खडा इतका सुकलेला असतो की वरून कितीही ढकललं तरी तो हलत नाही. बसल्यावर वाटतं की आलं आलं, अगदी दाराशी आहे, पण बाहेर पडत नाही. कधीमधी अशी वेळ आली, तब्येत एरवी चांगली असली, तर एनिमाचा उपयोग होतो.

मुळात कशामुळे झालं हेही बघा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीन असलेलं खोकल्याचं पातळ औषध, ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, काही अँटासिड, झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांनी कोठा जड होतो. थायरॉइड कमी असला तरी होतो. अशा वेळी बाटल्या आणत बसण्यापेक्षा डॉक्टरांना गोळी बदलता येईल का ते विचारलेलं बरं.

कोणी घ्यायचा नाही

इथे जरा थांबून वाचा. देण्याची कृती सोपी आहे, पण ज्यांनी घ्यायला नको अशा माणसांनाच घरोघरी सगळ्यात जास्त वेळा दिला जातो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना.

या द्रावात सोडियम, म्हणजे मिठात असतो तोच घटक, आणि फॉस्फेट प्रचंड असतं. अमेरिकेत मिळणाऱ्या मोठ्यांच्या एका मात्रेत, म्हणजे ११८ मिलीत, सुमारे ४.४ ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराच्या जेवणातून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. द्राव पाच-दहा मिनिटांत बाहेर पडला तर यातलं फारच थोडं रक्तात जातं. तो आत राहिला तर मात्र शोषला जातो. मूत्रपिंड चांगली असली तर ती जादा फॉस्फेट लघवीवाटे काढून टाकतात. ती थकलेली असली तर फॉस्फेट रक्तात साठतं, त्यामुळे कॅल्शियम उतरतं, हातापायांत वांब येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. यात माणसं दगावली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. २४ तासांत एकाहून जास्त मात्रा नको, आणि वय ५५च्या वर, अंगातलं पाणी कमी झालेलं, मूत्रपिंडाचा आजार, आतड्याचा अडथळा किंवा सूज, किंवा मूत्रपिंडावर परिणाम करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, असं त्यात आहे.

ही औषधं ओळखायची एक युक्ती वहिनींना सांगितली. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून औषधाचं मूळ नाव वाचा. शेवट 'सार्टन'ने होत असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन) किंवा 'प्रिल'ने (रामिप्रिल, एनालाप्रिल) तर थांबा. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, जशी फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड, तरी थांबा. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तरी. सासूबाईंची पट्टी आणली, तर तिच्यावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकाच गोळीत. वय एकाहत्तर. वर नऊ दिवसांत पाणी पोटात गेलेलं कमीच. तीन कारणं एका माणसात! बाटली मी तिथेच टेबलावर ठेवली आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यांनी ग्लिसरीनची सपोझिटरी आणि रात्री लॅक्ट्युलोज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काम झालं.

हृदय कमजोर असलेले, पायांवर सूज असलेले, मिठाचं पथ्य असलेले यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. नुकतंच पोटाचं किंवा गुदद्वाराचं ऑपरेशन झालेल्यांनी, मोठ्या आतड्याचा आजार असलेल्यांनी नाहीच. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारून. मूळव्याधीचे मोड बाहेर आले असतील किंवा फिशरची चीर ताजी असेल तर नोझल लागून रक्त येतं आणि खारट द्रावाने आग होते. तिथेही आधी विचारा.

आता माणूस कुठलाही असो, वय कितीही असो, बद्धकोष्ठाबरोबर पुढचं काही असेल तर एनिमा बाजूला ठेवून दवाखाना गाठा: पोटात सतत जोराचं दुखणं, उलट्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, वारासुद्धा सरत नाही, ताप, संडासवाटे रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ. उजव्या बाजूला खाली दुखत असताना 'गॅस धरलाय, एनिमा देऊ' म्हणणाऱ्या घरातलं अपेंडिक्स फुटू शकतं. पन्नाशीनंतर संडासच्या सवयीत अचानक बदल झाला, कारण नसताना वजन उतरतंय, तर तिथेही पोट साफ करण्यापेक्षा तपासणी महत्त्वाची.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा एक फसवा प्रकार सांगते. कित्येक दिवस झालेलं नसतं आणि मग थोडं थोडं पातळ गळायला लागतं. घरचे म्हणतात, जुलाब लागले, आणि जुलाब बंद व्हायची गोळी देतात. खरं तर आत मोठा गोळा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या बाजूने झिरपत असतं. हे नर्स किंवा डॉक्टरांनी हाताने तपासून सोडवायचं काम आहे.

लहान मुलांचं

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फॉस्फेटचा एनिमा कधीही द्यायचा नाही. त्यापुढच्या मुलांनाही बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय नको, आणि मोठ्यांची बाटली 'अर्धीच देऊ' म्हणून तर मुळीच नको. छोट्या शरीरात क्षार बिघडायला फार थोडं पुरतं.

आपल्याकडे विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाला लावतात, कुठे साबणाची कांडी सरकवतात. आजीच्या हाताला सवय असते हे मान्य, पण साबण आतल्या नाजूक त्वचेला भाजतो आणि देठाने ओरखडा उठतो. शिवाय अंगावर पिणारं बाळ कधी कधी पाच-सहा दिवस शी करत नाही आणि तरी ठणठणीत असतं. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल, पोट फुगलेलं नसेल तर डॉक्टरांना एकदा विचारून वाट बघायची. जन्मल्यापासूनच त्रास असेल तर मात्र तपासणी लांबवू नका.

तयारी

हे सगळं पार करून तुम्ही घेऊ शकता असं ठरलं, तर मग वेळ निवडा. बाहेर जायच्या आधी नाही, झोपायच्या आधी नाही. पुढचे एक-दोन तास घरीच असाल अशी वेळ. घरात संडास एक असेल तर बाकीच्यांना आधी जाऊन यायला सांगा. हसू येईल, पण याच एका गोष्टीवरून सकाळी सातला घरात रामायण झालेलं मी ऐकलंय.

घरात दुसरं कुणीतरी असावं आणि आतली कडी लावू नये. जोराची कळ येऊन गेली की काहींना घाम फुटतो, भोवळ येते. ओल्या फरशीवर पडून मांडीचं हाड मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, एनिमाने इजा झालेल्यांपेक्षा जास्त.

खोक्यावरची मुदत बघा, सील बघा, आणि आतला कागद वाचा. नोझल केवढं आत घालायचं, किती द्राव द्यायचा हे कंपनीप्रमाणे बदलतं. माझ्या सांगण्यात आणि त्या कागदात फरक पडला तर कागद खरा. थंडीच्या दिवसांत बाटली गार असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. मनगटावर थेंब टाकून बघा, गरम लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात नको. गार द्रावाने पोटात मुरडा येतो आणि गरम द्रावाने आतून भाजतं.

जवळ ठेवायचं सामान: पलंगावर अंथरायला मेणकापड आणि वर जुना टॉवेल, हातमोजे मिळाले तर, थोडं व्हॅसलिन किंवा मेडिकलमधली जेली, आणि पाण्याचा तांब्या. जिथे झोपणार ती जागा संडासपासून दहा पावलांत असावी. म्हाताऱ्या माणसासाठी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची असेल तर उत्तम.

प्रत्यक्ष देताना

आधी लघवी करून या. मग डाव्या कुशीवर झोपा. डावा पाय थोडा वाकवलेला, उजवा गुडघा छातीकडे ओढलेला. डावीकडेच का? गुदाशयाच्या वरचा आतड्याचा भाग डाव्या बाजूला असतो, त्यामुळे द्राव उतारावरून गेल्यासारखा सहज आत जातो. स्वतःच घेणाऱ्यांना गुडघे टेकून, डोकं उशीवर ठेवून, कंबर वर अशी बैठकही जमते. उभ्याने किंवा कमोडवर बसून घेऊ नका. त्या स्थितीत गुदाशयाला वळण पडतं आणि नोझलचं टोक समोरच्या भिंतीवर घासतं.

टोपण काढा. बऱ्याच बाटल्यांच्या नोझलला आधीच वंगण लावलेलं असतं, तरी बोटभर व्हॅसलिन वर लावायला हरकत नाही. गुदद्वारालाही थोडं लावा.

आता तोंडाने लांब श्वास सोडत, संडासला बसल्यावर करतो तसं किंचित कुंथा. त्याने तिथला स्नायू सैल पडतो. त्याच क्षणी नोझल बेंबीच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने, थोडं इकडे-तिकडे फिरवत आत सरकवा. जोर नाही लावायचा. अडलं तर थांबा, थोडं मागे घ्या, दिशा किंचित बदला. कडक मळाला टोक टेकलं असेल तर असंच वाटतं. दोनदा करूनही अडलं, किंवा कळवळायला झालं, तर काढून घ्या आणि त्या दिवशीचा बेत रद्द करा. आतली भिंत ओल्या कागदासारखी असते हे डोक्यात ठेवलं की हात आपोआप हलका राहतो.

मग बाटली खालच्या टोकापासून हळूहळू दाबत या. पिचकारी मारल्यासारखी एकदम दाबली की लगेच कळ येते आणि द्राव काम करायच्या आधीच बाहेर पडतो. मिनिटभर लागला तरी चालेल. बाटलीत तळाला थोडा द्राव उरतोच, तो जादाच भरलेला असतो. बाटली दाबलेलीच ठेवून नोझल बाहेर काढा, मग हात सैल करा. आधी सैल केलात तर बाटली सगळं परत ओढून घेते.

तसेच पडून राहा. पहिल्या मिनिटातच जावंसं वाटेल. शक्य तेवढं थांबा, पण अंगावर काटा येईपर्यंत नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, जोराची कळ आली की उठायचं. जितकं जास्त धरू तितकं जास्त साफ होईल हा हिशेब या द्रावाला लागू नाही. कळ येऊन गेल्यावर तो आत ठेवण्यात नुकसानच आहे.

उठताना आधी कुशीवरून बसतं व्हा, दोन श्वास घ्या, मग चाला. संडासला बसल्यावर कुंथू नका, आपणहून येऊ द्या. पहिल्यांदा पाणी आणि खडे, मग थोड्या वेळाने पुन्हा मऊ, असं दोन-तीन हप्त्यांत होतं. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. थोडा मुरडा, थोडी आग, गळून गेल्यासारखं वाटणं हे होतं आणि तासाभरात जातं.

दुसऱ्याला देत असाल तर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगा: आता गार लागेल, आता नळी येईल, आता थोडं भरल्यासारखं वाटेल. दार लोटून घ्या, कमरेवर चादर टाका. आपल्या वडिलांना किंवा सासूबाईंना हे देताना त्यांना आपल्यापेक्षा दसपट अवघड वाटत असतं. गप्पा मारायच्या तर क्रिकेटच्या मारा.

मनासारखं झालं नाही तर

समजा द्राव गेला आणि काहीच बाहेर आलं नाही. घड्याळ बघा. अर्धा तास झाला तरी द्राव आतच असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि फॉस्फेटचा एनिमा दिला, अमुक वाजता दिला, बाहेर आला नाही, असं सांगा. खोकं हाताशी ठेवा. वर पाणी पाजलं की येईल, पोट चोळलं की येईल असं म्हणत दुपार घालवू नका.

नुसता द्राव बाहेर आला, मळ आलाच नाही, असंही होतं. इथे माणसांचा हात दुसऱ्या बाटलीकडे जातो. दुकानदारही देतो. नाही म्हणजे नाही, २४ तासांत दुसरी नाही. एकीने हललं नाही तर अडथळा वर असू शकतो किंवा खडा हाताने काढावा लागू शकतो, आणि ते डॉक्टर बघतील.

नंतर पोटात वाढत जाणारं दुखणं, थेंबभराहून जास्त रक्त, ताप, चक्कर येऊन पडणं, हातापायांत वांब, छातीत धडधड, लघवी कमी होणं, सुस्ती यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. दवाखान्यात लाजून 'काहीतरी औषध दिलं होतं' असं पुटपुटू नका. तिथे कुणालाही नवल वाटणार नाही आणि नेमकं कळलं की रक्तातलं कॅल्शियम, सोडियम लगेच तपासता येतं.

घरगुती प्रयोग

साबणाचं पाणी पूर्वी इस्पितळांतसुद्धा द्यायचे. त्याने आतड्याला सूज येते, म्हणून ते मागे पडलं. कॉफीचा एनिमा सध्या मोबाइलवर फिरतोय, त्याने भाजलेली आणि जंतुसंसर्ग झालेली माणसं आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबाचा रस, मिठाचं अंदाजे केलेलं पाणी, काही नको. साधं पाणी निरुपद्रवी वाटतं, पण ते वारंवार किंवा जास्त दिलं की रक्तातलं सोडियम उतरतं.

आणि एक, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही: संडासातला जेट स्प्रे. 'थोडं प्रेशर आत गेलं की मोकळं होतं' असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्या पाण्याचा दाब आपल्या हातात नसतो, गच्चीवरची टाकी किती उंचावर आहे यावर तो ठरतो. शिवाय तो नळ घरातले सगळे वापरतात. तो धुण्यापुरताच ठेवा.

त्यानंतरचे दिवस

एनिमा झाला की दोन-तीन पेले पाणी, ताक किंवा शहाळ्याचं पाणी प्या. पाण्याचं किंवा पोटॅशियमचं पथ्य असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. जेवायला मऊ भात, वरण, दुधीची भाजी. लगेच भजी तळू नका.

पुढचे एक-दोन दिवस कदाचित होणार नाही. खालचा भाग रिकामा झालेला असतो, तो भरायला वेळ लागतो. इथेच 'परत अडकलं' म्हणून पुन्हा बाटली आणली जाते आणि सवय लागते ती अशी. हे दोन दिवस पाणी आणि इसबगोल चालू ठेवा, ठरलेल्या वेळेला बसा, आलं तर आलं. महिन्यातून एकदाहून जास्त वेळा एनिमाची गरज भासायला लागली तर तुमचा प्रश्न 'कधीमधी'चा राहिलेला नाही, डॉक्टरांकडून तपासून घ्या.

वापरलेली बाटली पुन्हा भरून ठेवू नका. टोपण लावून, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात न टाकता सॅनिटरी पॅड टाकतो त्या वेगळ्या पुडक्यात टाका. हात साबणाने धुवा, मेणकापड उन्हात वाळवा.

वहिनींची ती बाटली दुकानदाराने परत घेतली नाही. आता ती त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि खोक्यावर मी काळ्या स्केचपेनने लिहून दिलंय: 'पिण्याचं नाही. आईंना द्यायचं नाही.'